पाचगावचं ‘नको’

भिंतीला कान असतात, असं आपण नुसतं म्हणतो. वरदापुरात ते खरोखरच होते, आणि नुसत्या कानांनी भागत नाही म्हणून भिंतीला तोंडही दिलेलं होतं. वर्धा नदीच्या काठच्या उजाड माळावर उभं केलेलं हे शहर माणसांना विचारून चालायचं. गल्लीत दिवा कुठं हवा, बस कधी सुटावी, म्हाताऱ्यांना टेकायला बाक कुठल्या वळणावर असावा, सगळं विचारून. आधी शहर बांधायचं आणि मग माणसांनी त्यात अंग चोरून राहायचं, हा उफराटा कारभार इथं चालणार नाही, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं. भाषणातलं सहसा भाषणातच राहतं. इथं मात्र ते बऱ्यापैकी खरं निघालं, हे कबूल केलं पाहिजे.

विचारण्याचं हे काम ‘सोबत’ करायची. सोबत म्हणजे शहराचा मेंदू आणि त्याचा आवाज, दोन्ही. प्रत्येक घरात छताच्या कोपऱ्यात पेढ्याएवढी एक डबी बसवलेली होती. तिच्यातून अगदी क्षीण रेडिओलहरी निघत आणि माणसाच्या छातीवर आपटून परत येत. श्वास घेताना छाती सूतभर पुढं येते, सोडताना मागं जाते. तेवढ्यानंही परतणारी लहर बदलते, आणि त्या बदलावरून श्वास कसा चाललाय, नाडी किती पळतेय, माणूस चालतोय की आडवा झालाय, हे डबीला कळतं. कॅमेरा नाही, फोटो नाही. नळाचं पाणी, विजेचा वापर, खोलीचं तापमान यांची त्यात भर पडली की सोबत त्या घराचा एक आकडा काढायची. त्याला म्हणत गरजांक. गरजांक वर गेला की भिंतीतून अदबीनं प्रश्न यायचा, तुम्हाला अमुक हवं आहे का? हो म्हटलं की मिळालं. नको म्हटलं की विषय संपला.

हे ‘विषय संपला’ चैताली भोयरनं लिहिलेलं होतं. गरज विभागाची ती प्रमुख. शहर सुरू झालं त्या वर्षी सोबत कुणाचं ऐकायची नाही, गरजांक चढला की थेट रुग्णवाहिका दारात. वाघमारे नावाचे एक म्हातारे मास्तर दुखण्याच्या शेवटाला आले होते आणि घरीच डोळे मिटायचे म्हणत होते. त्यांनी गाडी पुन्हा पुन्हा परत पाठवली. शेवटी परत पाठवायचंही बळ उरलं नाही, आणि मास्तर रस्त्यात, हलत्या गाडीत, अनोळखी माणसांच्या हातात गेले. चैतालीला ते फार लागलं. तिनं वरिष्ठांशी भांडून नियम करून घेतला की शुद्धीवर असलेल्या माणसाचा शब्द अखेरचा; आणि एकदा नको म्हटलं की त्या दिवशी त्याच गोष्टीसाठी पुन्हा विचारून त्याला भंडावायचं नाही. माणसाचा मान राखणारं शहर, असं वरदापूरचं नाव झालं ते या नियमामुळं. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

तर त्या दिवशी नवतप्यातली, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांतली, दुपार होती. विदर्भातला नवतपा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळायचं नाही. पारा सत्तेचाळीसच्या वर गेलेला. वरदापुरात घरोघरी कूलर नव्हते, वाळ्याच्या ताट्या नव्हत्या. जमिनीखालच्या मोठ्या टाकीत पाणी गार करून साठवायचं आणि छतातल्या नळ्यांमधून ते घराघरांत फिरवायचं, अशी सोय होती. नेमकं त्याच पहाटे पाणी गार करणाऱ्या दोन चिलरांपैकी एक जळालं. टाकीतला थंडावा सगळ्यांना संध्याकाळपर्यंत पुरण्यातला नव्हता. सोबतनं लपवाछपवी केली नाही. सकाळीच तिनं घरोघरी सांगितलं, ‘आज थंडावा कमी आहे. दवाखान्याला आणि तान्ह्या बाळांच्या घरांना तो जास्त लागेल. तुम्हाला हवा आहे का?’ बहुतेकांनी हो म्हटलं. त्यांच्या घरचे व्हॉल्व्ह उघडले.

नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर शहराचा नकाशा होता. ज्यांना हवं ते मिळत होतं ते भाग हिरवे, ज्यांची मागणी अपुरी राहत होती ते पिवळे. सगळं शहर थोडंफार पिवळं झालेलं. फक्त पूर्वेच्या टोकाला एक तुकडा हिरवागार होता. पडद्यासमोरची मुलगी कौतुकानं म्हणाली की आज पाचगाव सगळ्यात समाधानी दिसतंय, एका घराची तक्रार नाही.

चैताली पडद्याजवळ सरकली. पाचगाव म्हणजे तिचं माहेर. शहरासाठी पाच खेडी उठवली होती, त्यांतल्या माणसांना एकाच वस्तीत बसवलं होतं, आणि तरणी पोरं कामधंद्यासाठी शहराच्या दुसऱ्या भागांत पांगल्यावर मागं राहिले होते ते बहुतेक म्हातारे. चैतालीची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं गिरजाआत्यानं, बापाच्या थोरल्या बहिणीनं. आत्या अजूनही पाचगावात एकटीच राहायची. पाचगावात आणि समाधान? ती माणसं पाण्याच्या टँकरवरून भांडणारी, पत्त्यांच्या डावावरून महिनाभर अबोला धरणारी. सत्तेचाळीस डिग्रीत त्यांच्यापैकी एकालाही काही नको असावं?

तिनं आत्याचं घर पडद्यावर उघडलं. व्हॉल्व्ह बंद. सकाळपासून बंद. खोली बाहेरच्याइतकीच तापलेली. तिनं लगेच फोन लावला. आत्यानं बऱ्याच वेळानं उचलला आणि काही विचारायच्या आत म्हणाली, “मले काय धाड भरली? तू जेवली का?”

घरात गार आहे ना, असं चैतालीनं विचारलं. आत्या म्हणाली, मस्त गार आहे, पांघरूण घ्यावं असं वाटून राहिलं. समोर पडद्यावर बंद व्हॉल्व्ह लाल ठिपक्यासारखा दिसत होता, आणि आत्या बिनदिक्कत थापा मारत होती. शब्द जड पडत होते. मध्येच ती काय बोलत होती ते विसरली आणि पुन्हा जेवली का म्हणून विचारलं. श्वासाचा आकडा नेहमीच्या दुपटीला टेकला होता.

म्हातारपणी एक वाईट खोड लागते शरीराला. उकडतंय, तहान लागलीय, ही वर्दी मेंदूपर्यंत वेळेवर पोचत नाही. घाम कमी येतो, पाणी प्यावंसं वाटत नाही, आणि आतली उष्णता मुकाट्यानं चढत जाते. माणूस म्हणतो मी बरा आहे, आणि त्याला खरंच तसं वाटत असतं. तासा-दोन तासांत तो बरळायला लागतो, मग शुद्ध हरपते, आणि मग धावपळ करून उपयोग नसतो. सोबतला हे सगळं ठाऊक होतं. पाचगावातल्या घराघराचे गरजांक तिच्याजवळ होते, आणि ते भयंकर होते. पण शब्द अखेरचा माणसाचा, आणि पाचगावानं एकमुखानं नको म्हटलं होतं. म्हणून नकाशा हिरवा.

ती नंदनवार साहेबांच्या खोलीत जवळजवळ धावतच गेली. पुंडलिक नंदनवार शहराचे मुख्य अभियंता. पहाटेपासून जळालेल्या चिलरपाशी उभे राहून आत्ताच खुर्चीत टेकले होते. पाचगावचे व्हॉल्व्ह ताबडतोब उघडा, त्यांच्या नकाराकडे बघू नका, असं तिनं सांगितलं. साहेबांनी आकडे बघितले, तोंड पुसलं, आणि शांतपणे दोन अडचणी सांगितल्या. एक म्हणजे पाचगाव पुरतं उघडलं तर टाकी ऊन उतरायच्या आत रिकामी होईल, आणि मग दवाखानाही तापेल. दुसरी अडचण तिनंच करून ठेवलेली. आज माणसाचं नको मोडलं तर उद्या कुठल्या तोंडानं नियम सांगायचा?

“मग निम्मी घरं तरी उघडा, सर.”

“कोणती निम्मी?” साहेब म्हणाले. “तुम्ही निवडा, मी उघडतो. आणि तुमच्या आत्याबाईंचं घर कुठल्या निम्म्यात येतं तेही सांगा.”

ते टोचून बोलले नव्हते, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आत्याचं घर वगळायची चैतालीची छाती नव्हती, आणि ते धरून दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्याला वगळायचा तिला हक्क नव्हता. ती तशीच बाहेर पडली, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि कचेरीची स्कूटर काढली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हवा तव्यावरून उचलल्यासारखी अंगावर येत होती. सगळी वाट ती मनात एकच हिशेब करत होती, आत्याला उचलून गाडीत घालायचं म्हटलं तर ती उठेल का, आणि नाहीच म्हणाली तर? मास्तरांना उचललं तसं आत्याला उचलायचं? आणि आत्याला उचललं तरी शेजारच्या घरातल्यांचं काय? ज्या माणसांत ती लहानाची मोठी झाली त्या साऱ्यांना तशाच भट्टीत ठेवून ती आत्याला घेऊन निघून येणार होती का?

पाचगावात दारं लोटलेली, खिडक्यांना ओली लुगडी बांधलेली. आत्या ओल्या चादरीवर जमिनीला पाठ लावून पडली होती. चादर केव्हाच वाळली होती. चैतालीला दारात बघताच ती कोपरावर उठली. “काहून आली वं एवढ्या उन्हात? डोस्कं ठिकाणावर हाय का तुह्यं?”

चैतालीची कानशिलं उन्हानं ठणकत होती. तिनं भिंतीला हात टेकला आणि खरं होतं तेच सांगितलं, की तिला गरगरतंय.

आत्यानं क्षणाचाही विचार केला नाही. मान वर करून छताकडे बघत ती खणखणीत आवाजात म्हणाली, “अवो बाई, पोरगी आली माही. उन्हातून आली. लाव बरं ते थंड, लवकर.”

नळ्यांमधून पाणी खळाळलं. छतावरून गारवा उतरायला लागला. सकाळपासून जे मोठमोठ्या माणसांना आणि मोठमोठ्या यंत्रांना जमलं नव्हतं ते एका वाक्यात झालं, आणि चैताली बघतच राहिली.

तिनं आत्याला पाणी पाजलं, कपाळावर, मानेवर ओलं फडकं ठेवलं, आणि चिडूनच विचारलं, “सकाळी तुले विचारलं तवा काहून नाही म्हटलं?”

“बाईनं आधीच सांगतलं ना, कमी हाय म्हणून,” आत्या म्हणाली. “कमी हाय म्हटल्यावर कोण मांगते वं? तिकडं दवाखान्यात लेकरं हायेत.”

चैतालीनं कपाळावर हात मारून घेतला. ताटात एकच भाकर उरली तर ती पाचगावात कुणी उचलत नाही. चार माणसं पंगतीला असली तर चौघंही पोट भरल्याचं सांगतात, आणि भाकर शेवटी गाईला जाते. आत्याच्या हाताखाली वाढलेल्या तिला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पण सोबतला बोलायला शिकवणाऱ्यांत तीही होती, आणि माणसांना खरं खरं सांगून त्यांचं मत विचारायचं, हे तिला तेव्हा फार सभ्यपणाचं वाटलं होतं. पाचगावच्या कानाला ते असं ऐकू आलं की घरात भाकर एकच आहे, बोला, तुम्हाला वाढू का? काय उत्तर येणार होतं?

स्वतःसाठी नको म्हणणारी ही माणसं दारात पाहुणा आला तर मात्र घर गहाण टाकतील. ती तडक शेजारच्या उरकुडेकाकांकडे गेली. काका आणि काकू दोघंही भिंतीला टेकून बसलेले, डोळे लाल. काही नको, आम्ही बरे आहो, असं दोघांनी एका सुरात सांगितलं. ती नुसती टेकली आणि ओढणीनं वारा घेत म्हणाली की काका, फार होतंय. काकांनी लगेच सोबतला झापलं, घरी लेक आलेली दिसत नाही का. व्हॉल्व्ह उघडला, आणि ती उठून दाराशी येताच काकांनी तो बंदही करायला लावला. दारातून बघितलं तर समोर सगळी गल्ली पसरली होती, आणि तिच्यामागं आणखी चार गल्ल्या. घरोघरी पाहुणी म्हणून उडत जायला ती काही मारुती नव्हती. आणि गेलीच, तर टाकी रिकामी होणारच होती.

मग तिला सुचलं. बाहेरून पाहुणे आणायचेच कशाला? या घरातल्यांनी त्या घरी पाहुणे जावं. निम्मी घरं यजमान, निम्मी पाहुणी. पाहुण्यांच्या घरचा व्हॉल्व्ह बंद राहील, माणसं मात्र गारव्यात. थंडावा निम्माच लागेल, आणि कुणालाही वगळावं लागणार नाही. काकांच्या ओट्यावरून तिनं नंदनवार साहेबांना फोन केला. सोबतचा प्रश्न बदला म्हणाली. तुम्हाला थंडावा हवा का, हे विचारूच नका. एका घराला विचारा, शेजाऱ्यांना उकडतंय, त्यांना तुमच्याकडे बोलवायचं का? त्यांनी हो म्हटलं की शेजाऱ्यांना निरोप द्या, अमक्यांनी बोलावलंय, जाता का?

साहेबांनी आधी विचारलं, यात खोटं काय आहे? काहीच नाही, ती म्हणाली, शब्द न् शब्द खरा आहे. मग त्यांनी टाकीचं गणित करून बघितलं. पुरतंय, ते म्हणाले, निम्मी घरं पुरतात.

पाचगावच्या भिंती एकाच वेळी बोलायला लागल्या. चैताली आत्यापाशी परत आली आणि हातातल्या फोनवर उत्तरं येताना बघू लागली. शेजाऱ्यांना बोलवायचं का? हो, हो, हो. एकही नकार नाही. तिच्या जिवात जीव आला. मग दुसरा प्रश्न गेला, आणि तिथं गाडी अडली. उरकुडेकाकांनी कळवलं, आम्ही कशाला, समोरच्या मेश्रामबाईच येऊ देत आमच्याकडे. आणखी पुढच्या घरातून तेच. सगळी वस्ती यजमान व्हायला एका पायावर तयार, पाहुणं व्हायला एक माणूस तयार नाही. बोलावणं आलं की मागं सरायचं, हेही पाचगावचंच. आणि नियमाप्रमाणे सोबत आता या प्रश्नावर दिवसभर तोंड उघडणार नव्हती.

फोनवर घरागणिक आकडे चढत होते. मेश्रामबाईंची नाडी, त्यांच्यापलीकडच्या एका म्हाताऱ्याचा श्वास. चैतालीला रडावंसं वाटलं. तिनं संतापून आत्याला सांगितलं, तुझी ही माणसं मानापायी मरणार आहेत आज.

आत्यानं डोळे उघडले. बोलायला तिला त्रास होत होता, तरी चेहऱ्यावर पोरीच्या अडाणीपणाचं हसू होतं. “एका आवतनावर कोणी जाते का वं? पानं वाढली म्हणून सांगाले दुसऱ्यांदा मानूस धाडा लागते.”

खरंच की. गावजेवणाचं आवतन आधी जायचं, पण त्यावर कुणी निघायचं नाही. पानं मांडून झाली की घरातलं माणूस पुन्हा दारोदार फिरायचं, चला, पानं वाढलीत, तुमच्यासाठी थांबलोय. त्या दुसऱ्या बोलावण्यावर मंडळी उठायची. पहिल्या हाकेला उठणारा हावरट. चैतालीनं साहेबांना पुन्हा फोन लावला आणि श्वास न घेता सांगितलं की सोबतला पुन्हा विचारू द्या.

“तुमचाच नियम आहे, भोयर मॅडम. एकदा नको म्हटलं की संपलं.”

“मोडायचं कुणी म्हटलं नाही, सर. दुसऱ्यांदाही नको म्हटलं तर नको. पण पुन्हा विचारणं म्हणजे जबरदस्ती नव्हे. आमच्याकडे पुन्हा न विचारणं हाच अपमान आहे.”

साहेब ‘हं’ म्हणाले. त्यांचं आजोळ वर्धेकडचंच होतं, त्यांना बहुधा फार समजावावं लागलं नाही. पाचगावपुरती, आजच्या दिवसापुरती सूट दिली त्यांनी, यजमान घरांचे व्हॉल्व्ह उघडले, आणि सोबत पुन्हा बोलायला लागली. उरकुडेकाका, मेश्रामबाईंनी घर गार करून ठेवलंय, तुमची वाट बघताहेत. जाता ना?

काही वेळ काहीच झालं नाही. मग एक दार करकरलं. उरकुडेकाकू डोक्यावर ओलं लुगडं घेऊन बाहेर आल्या, मागून काका, हातात तांब्या. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून काकूंनी दाण्याच्या कुटाची वाटीसुद्धा घेतली होती. भर उन्हात चार पावलं टाकून ते समोरच्या दारात शिरले. मग आणखी एक दार उघडलं, मग पुढचं. गल्लीतून म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरून, भिंतीच्या सावलीनं, शेजाऱ्याच्या घरी निघाली होती. एकाच खोलीत दोन दोन घरं बसली आणि गप्पांचे आवाज यायला लागले. फोनवरचे आकडे चढायचे थांबले, मग एकेक करून उतरायला लागले. चैताली खिडकीत उभी राहून बघत होती आणि तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते.

“आत्या, बघ ना,” ती मागं वळून म्हणाली.

आत्या बघत नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि कुणाशी तरी बोलत होती. तिनं चैतालीच्या बापाचं नाव घेतलं, जो जाऊन किती वर्षं झाली होती, आणि त्याला बैल सावलीत बांधायला सांगितलं. चैतालीनं आत्याच्या कपाळाला हात लावला. कातडं कोरडं, चटका बसावा असं. गारवा आला होता, पण उशिरा आला होता. तिनं खांदा हलवला तेव्हा आत्या भानावर आली आणि चैतू म्हणून तिला ओळखलं.

भिंतीतून आवाज आला. ‘गिरजाबाई, तुमचा श्वास फार वेगानं चालला आहे. तुम्हाला डॉक्टरांची गरज आहे. रुग्णवाहिका बोलावू का?’

“नको,” आत्या म्हणाली. “मी बरी हाय.”

सोबत गप्प झाली. आत्या शुद्धीवर होती, शब्द तिचा होता. चैतालीच्या डोळ्यांपुढं वाघमारे मास्तर आले. आत्याचंही म्हणणं तेच असलं तर? याच घरात, या छपराखाली, आपल्या माणसाजवळ. तिनं कधी तसं म्हटलं नव्हतं, पण तिनं स्वतःबद्दल म्हटलं होतं तरी कधी काय? हे नको कुठलं? ताटातल्या शेवटच्या भाकरीचं, की मास्तरांचं? सगळ्या पाचगावाचं नको तिला ओळखता आलं होतं आणि जिनं तिला वाढवलं त्या एका बाईचं ओळखता येत नव्हतं. ती भयंकर घाबरली.

ती गुडघ्यांवर बसली. “आत्या, बोलावू ना गाडी?”

“राहू दे वं. आज गाड्या कमी असतीन. लोकायले लागन.”

लोकांना लागेल. चैतालीला थोडा धीर आला, कारण हे भाकरीचं नको होतं. पण खात्री नव्हती, आणि खात्रीशिवाय आत्याला उचलून न्यायची तिची तयारी नव्हती. तिनं आत्याचा हात दोन्ही हातांत घेतला. आयुष्यभर शेण, माती, सरकी, भाकरी करून खरबरीत झालेला तो हात नुसता पेटला होता.

“आत्या, खरं सांग मले. लोकायचं जाऊ दे. तुले काय पाहिजे?”

आत्यानं तिची बोटं घट्ट धरली.

“बोलाव,” ती म्हणाली. “मले भेव लागून राहिलं, चैतू.”

गिरजाआत्यानं स्वतःसाठी काही मागितलेलं चैतालीनं जन्मात ऐकलं नव्हतं. नवं लुगडं नाही, औषधाची गोळी नाही, डोक्याखाली उशी नाही. त्या एका शब्दानं तिला जितकी भीती वाटली तितकी दिवसभरातल्या कुठल्याही आकड्यानं वाटली नव्हती. तिनं छताकडे बघून ओरडून गाडी मागवली आणि गाडी येईपर्यंत आत्याच्या अंगावर पाणी ओतत राहिली.

दवाखाना गार होता. आत्याला आत नेऊन बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवलं. नर्स ये-जा करत राहिल्या. बाहेर ऊन कलायला लागलं तेव्हा तरुण डॉक्टरीण बाहेर आली. मूत्रपिंडांना धक्का बसलाय, चार-आठ दिवस इथंच राहावं लागेल, पण ताप उतरलाय, आता जिवाला धोका नाही, असं तिनं सांगितलं. आणखी अर्धा तास घरी राहिल्या असत्या तर मी हे बोलू शकले नसते, असंही ती म्हणाली आणि दुसऱ्या खोलीकडे गेली.

चैताली बाहेरच्या बाकावर बसली. तेवढ्यात नंदनवार साहेबांचा निरोप आला की पाचगावात सगळे सुखरूप आहेत, टाकीत अजून पाणी आहे, आणि मेश्रामबाईंच्या घरी कुणीतरी भजनाला बसलंय. तिनं वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. सकाळपासून तिनं अन्नाचा कण खाल्ला नव्हता.

मागच्या भिंतीतून हळू आवाज आला. ‘चैतालीताई, तुम्ही दमलेल्या दिसता. तुम्हाला काही हवं आहे का?’

“नको,” ती म्हणाली. “मी ठीक आहे.”

सोबत गप्प झाली. सूट फक्त पाचगावाला होती. इथं जुनाच नियम चालू होता, आणि तो तिनंच घालून दिलेला होता.

आतून आत्याच्या यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. मग तिनं मान वळवून भिंतीकडे बघितलं.

“ऐक,” ती म्हणाली. “परत एकदा विचार मला.”

सोबतनं परत विचारलं, आणि चैताली भोयर बाकावर बसल्या जागी हमसून हमसून रडायला लागली.